फोनमध्ये किल्ली आहे, मग दुसरी कुठे आहे?

गेल्या पावसाळ्यात चिपळूणच्या अलीकडे एका खानावळीसमोर मी स्वतःच्याच गाडीभोवती दीड तास प्रदक्षिणा घालत होतो. पाऊस कोकणातला, म्हणजे आडवा. भजी खाऊन बाहेर पडताना फोन हातातून निसटला तो थेट पायरीखालच्या डबक्यात. काढला, पुसला, झटकला. पडद्यावर आधी हिरव्या रेघा उमटल्या, मग काळोख. गाडी विजेवरची, जेमतेम आठ महिन्यांची, आणि तिची किल्ली म्हणजे तोच फोन. शोरूमने दिलेलं एक कार्डही होतं, पण ते ज्या पाकिटातून आलं त्याच पाकिटात, गाडीच्याच डॅशबोर्डच्या कप्प्यात, काचेपलीकडे. जादा पैसे मोजून घेतलेला रिमोट पुण्याला कपाटात, पासपोर्टांच्या शेजारी, अगदी सुरक्षित.

बायकोच्या फोनवर कंपनीचं ॲप उतरवून घेतलं. ॲपने माझा नंबर विचारला आणि ओटीपी पाठवला तो माझ्या नंबरवर, म्हणजे त्या बुडालेल्या फोनवर. शेवटी खानावळीच्या मालकीणबाईंनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. पिनेच्या टोकाने सिमकार्डचा ट्रे उघडला, सिम पुसून बायकोच्या फोनमध्ये घातलं, ओटीपी आला, ॲप उघडलं आणि गाडीने दिवे मिचकावून दारं सोडली. मग कप्प्यातलं कार्ड वापरून गाडी सुरू केली. माझं ई-सिम असतं तर हाही मार्ग बंद होता.

त्यानंतर ओळखीतल्या, विजेची गाडी घेऊ पाहणाऱ्या किमान पाच-सहा जणांनी मला विचारलं, ‘फोनची किल्ली भरवशाची की रिमोट?’ मी दोन्ही वापरतो, दोन्हींनी मला कधी ना कधी दगा दिला आहे. म्हणून मी त्यांना उलट विचारतो: तुमची पहिली किल्ली ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने दुसरीही पडेल का? फोन आणि मनगटावरचं घड्याळ या दोन किल्ल्या दिसतात, पण घड्याळ त्याच फोनच्या खात्यावर चालतं आणि त्याच रात्री चार्ज व्हायचं राहतं. फोन आणि पाकिटातलं कार्ड मात्र खऱ्या अर्थाने दोन किल्ल्या आहेत, कारण कार्डाला ना सेल लागतो, ना नेटवर्क, ना ओटीपी.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त टोचतो. फोन गेला की त्याच्याबरोबर यूपीआयचे पैसे जातात, टॅक्सी बोलावण्याची सोय जाते, नकाशा जातो, चार्जिंग स्टेशनचं ॲप जातं, पाठ नसलेले सगळे नंबर जातात. त्यात गाडीची किल्लीही गेली की माणूस एका क्षणात पूर्वीच्या काळातला वाटसरू होतो, खिशात रोख पैसे नसलेला.

ॲपमधलं बटण म्हणजे किल्ली नव्हे

सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. ‘आमची गाडी फोनने उघडते’ असं सांगणाऱ्या दहा जणांपैकी बऱ्याच जणांच्या गाडीत फोनची किल्ली नसतेच. असतं ते कंपनीचं ॲप. त्यात ‘अनलॉक’ दाबलं की तुमचा हुकूम इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, तिथून गाडीत बसवलेल्या सिमकार्डाकडे, आणि मग दार उघडतं. तुम्ही गाडीपासून दोन फुटांवर उभे असलात तरी हुकूम शेकडो मैलांचा वळसा घालून येतो. तुमच्या फोनला रेंज हवी, गाडीला रेंज हवी, सर्व्हर जागा हवा. मॉलच्या तिसऱ्या तळघरात किंवा वरंधा घाटात यातलं एक तरी नसतं. शिवाय ही सेवा बहुतेक कंपन्या पहिली काही वर्षं फुकट देतात आणि नंतर वर्गणी मागतात. वर्गणी संपली की बटणही संपलं.

खरी फोन-किल्ली वेगळी. ती फोनमध्येच साठवलेली असते आणि गाडीशी थेट, हवेतून बोलते. तिला इंटरनेट लागत नाही. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी टेस्लाचे सर्व्हर अडखळले तेव्हा जगभरच्या गाडीमालकांना हा फरक एका दिवसात कळला. ॲप गाडीला पोचेना, अनेक जण आपल्याच गाडीबाहेर अडकले. सोलमधल्या एका गाडीमालकाच्या तक्रारीला खुद्द इलॉन मस्क यांनी ट्विटरवर उत्तर दिलं आणि पुढे चूक कबूल केली. ज्यांच्या खिशात कार्ड होतं त्यांना त्या दिवशी बातम्या वाचूनच काय झालं ते समजलं.

तुमच्याकडे कोणती आहे हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. फोनचा मोबाइल डेटा आणि वाय-फाय बंद करा, ब्लूटूथ चालू ठेवा, गाडीजवळ जा, टेकवायची सोय असेल तर फोन टेकवा. दार उघडलं आणि गाडी सुरूही झाली, तर ती किल्ली. नाही तर ते नुसतं बटण. शोरूममध्ये डिलिव्हरी घेताना, हार-नारळाच्या आधी, ही परीक्षा विक्रेत्यासमोरच करा. माझ्या विक्रेत्याला तोवर या दोन्हीतला फरक माहीत नव्हता.

फोन गाडीला ओळखतो कसा

तीन मार्ग आहेत, आणि तिन्हींचा स्वभाव वेगवेगळा.

पहिला ब्लूटूथ. गाडी तुमचा फोन किती लांब आहे हे सिग्नलच्या ताकदीवरून ताडते. अंदाजच तो. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं, आणि आपण सगळे बहुतांशी पाण्याचेच बनलेले आहोत. फोन पँटच्या मागच्या खिशात आणि तुम्ही गाडीकडे तोंड करून उभे, म्हणजे मध्ये तुमचा सगळा देह. गाडीला वाटतं मालक अजून लांब आहे. दोन पावलं वळून उभे राहिलात की दार उघडतं. लोक याला गाडीचा मूड म्हणतात.

दुसरा एनएफसी. मेट्रोच्या कार्डाचं तंत्र ते हेच. अंतर काही सेंटिमीटरचं, त्यामुळे फोन किंवा कार्ड ठरलेल्या जागी टेकवावंच लागतं. ती जागा कंपनीगणिक बदलते. टेस्लात ड्रायव्हरच्या बाजूच्या दोन दारांमधला खांब, बीवायडीच्या ॲटो ३मध्ये ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या ह्युंदाईच्या क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये फोन दाराच्या हँडलला टेकवायचा. टेकवणं हे पुढारलेलं काम वाटत नाही, पण तिन्हींत मला हाच मार्ग सगळ्यात इमानी वाटतो. अंदाजाला जागाच नाही. टेकवलं की उघडलं. अडचण इतकीच की आपल्या बाजारातल्या पुष्कळ स्वस्त आणि मध्यम किमतीच्या फोनांत एनएफसी नसतंच. गाडी बुक करण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये बघा.

तिसरा अल्ट्रा-वाइडबँड. यात सिग्नलची ताकद मोजत नाहीत, त्याला जायला-यायला लागलेला वेळ मोजतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, तेव्हा वेळ नेमका मोजता आला की अंतर फूट-अर्ध्या फुटापर्यंत नेमकं कळतं. फोन दाराबाहेर आहे की सीटवर, हेही कळतं. बहुतेक आयफोनांत हे तंत्र २०१९च्या आयफोन ११पासून आहे, सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२१ मालिकेतल्या वरच्या फोनांत आणि गुगलच्या पिक्सेल ६ प्रोमध्येही आलं. मोटार आणि फोन कंपन्यांच्या ‘कार कनेक्टिव्हिटी कन्सॉर्शियम’ने २०२१मध्ये डिजिटल किल्लीच्या मानकाची तिसरी आवृत्ती काढली ती ब्लूटूथ आणि अल्ट्रा-वाइडबँड एकत्र धरूनच. मात्र फोनमध्ये ते असून चालत नाही, गाडीतही हवं. जाहिरातीत ‘डिजिटल की’ एवढंच लिहिलेलं असतं. तीनपैकी कोणती, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

फोन कुठे दगा देतो

फोनचा सेल संपणं हे कारण सगळ्यांना सुचतं, म्हणून त्याबद्दल थोडकंच. ॲपलच्या वॉलेटमध्ये ठेवलेली गाडीची किल्ली, एनएफसीने टेकवून, आयफोन बंद पडल्यावरही पाच तासांपर्यंत चालू शकते. पण ही सोय फक्त वॉलेटमधल्या किल्लीला आहे. किल्ली कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये असेल आणि ब्लूटूथवर चालत असेल, तर फोन मेला म्हणजे किल्ली मेली. अँड्रॉइडमध्ये हे फोनागणिक बदलतं, तेव्हा भरवसा धरू नका.

विजेच्या गाडीवाल्याचा फोन इतरांपेक्षा लवकर संपतो, ही गंमत अनुभवानेच कळते. नकाशा चालू, चार्जिंग स्टेशन शोधणारी तीन ॲप्स चालू, चार्जरचा क्यूआर कोड स्कॅन, पैसे यूपीआयने, किती टक्के झालं ते दर पाच मिनिटांनी बघणं, आणि चार्जिंग होईस्तोवर करमणूक म्हणून क्रिकेट. खालापूरच्या फूड मॉलमधून गाडी पूर्ण भरून निघते, फोन रिकामा होऊन.

पण माझ्या हिशेबात खरा खलनायक सेल नाही, फोनचा बॅटरी वाचवण्याचा आगाऊपणा आहे. आपल्याकडे सर्वाधिक खपणाऱ्या अनेक अँड्रॉइड फोनांत, बराच वेळ न उघडलेलं ॲप फोन गुपचूप झोपवून टाकतो. गाडीचं ॲप मागे चालू असेल तरच ब्लूटूथ-किल्ली चालते. रात्री झोपवलेलं ॲप सकाळी गाडीला ओळख देत नाही, आणि आपण ऑफिसला उशीर झालेला असताना फोन खिशातून काढून, ॲप उघडून, गाडीसमोर नैवेद्यासारखा धरतो. उपाय आहे आणि एकदाच करायचा आहे. सेटिंगमध्ये त्या ॲपपुरतं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर चालू करा, ‘जवळपासची उपकरणं’ आणि लोकेशन या परवानग्या कायमच्या द्या. अलीकडची ॲप्स पुसून टाकायची सवय असेल, तर गाडीच्या ॲपला कुलूप लावून ठेवा म्हणजे ते त्या झाडूत सापडणार नाही. फोनचं मोठं अपडेट झालं की या परवानग्या पुन्हा तपासा. अपडेटनंतरची पहिली सकाळ ही फोन-किल्लीची सगळ्यात वाईट वेळ असते.

विमानप्रवासाहून परतलात तर फ्लाइट मोड काढला का बघा. हसू नका, मी लोहगाव विमानतळाच्या पार्किंगमध्ये सामान घेऊन उभा राहिलो आहे.

मग आपला उन्हाळा. आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असं ॲपल सांगतं. चंद्रपूर-नागपूरचा मे महिना ४५च्या आसपास घुटमळतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर त्याहून कितीतरी जास्त. तिथे होल्डरमध्ये लावलेला फोन तापून स्वतःला बंद करून घेतो. तो थंड होईपर्यंत किल्ली नाही. ओला टॉवेल गुंडाळू नका, फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका, आत दव धरतं. सावलीत, कव्हर काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवा.

आणि फोन बदलण्याचा दिवस. जुन्या फोनमधला सगळा मजकूर नव्यात जातो, किल्ली बहुधा जात नाही, कारण ती फोनच्या एका वेगळ्या सुरक्षित भागात असते आणि तिची नक्कल होऊ नये अशीच रचना असते. ही चांगली गोष्ट आहे. पण जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेऊन गाडीशी आलात आणि नवा जोडायला आधीची किल्ली किंवा कार्ड मागितलं, तर पंचाईत. आधी नवा फोन गाडीशी जोडा, दोन दिवस वापरा, गाडीच्या यादीतून जुना काढा, मग तो विका.

रिमोटचंही काही खरं नसतं

रिमोट जुना, म्हणून तो पक्का असं आपण धरून चालतो. खिशात ठेवून हँडलला हात लावला की उघडणारा रिमोट असा चालतो: गाडी सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपासच्या मंद लहरींनी हाक मारते, रिमोट जागा होऊन आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झवर ‘ओ’ देतो. या मंद लहरींना आपल्या देहातलं पाणी फारसं अडवत नाही, म्हणून मागच्या खिशातला रिमोट फोनपेक्षा बिनबोभाट चालतो. अपडेट नाही, परवानगी नाही, ॲप झोपणं नाही. रोजच्या उघड-बंद करण्यात रिमोट अजून फोनच्या पुढे आहे, यात मला शंका नाही. अल्ट्रा-वाइडबँडच्या गाड्या तेवढ्या त्याच्या जवळ आल्या आहेत.

त्याचा जीव असतो एका बटणसेलमध्ये. बहुतेकांत सीआर२०३२ असतो. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. एक-दोन वर्षं, कधी जास्त टिकतो. पण रिमोट गाडीच्या जवळच टांगून ठेवलात, बंगल्यात पोर्चच्या भिंतीला लागून खुंटी असते तसा, तर गाडीची हाक ऐकून तो सारखा जागा होतो आणि सेल लवकर संपतो. उघडण्याचं अंतर कमी होऊ लागलं, डॅशबोर्डवर इशारा आला, की त्याच आठवड्यात सेल बदला. नामांकित कंपनीचा घ्या, पितळी दिसणारे सुटे सेल नकोत. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला बटणसेल अन्ननलिका दोन तासांत जाळू शकतो. हे किल्लीच्या विषयाबाहेरचं आहे, तरीही लिहितो.

सेल संपलेल्या रिमोटनेही गाडी सुरू होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रिमोटच्या पोटात सेलविना चालणारी एक ओळखचिप असते. तो स्टार्टच्या बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेला टेकवला, ब्रेक दाबला, की गाडी ओळख पटवते. दार उघडायला रिमोटच्या आत दडलेलं धातूचं पातं असतं. त्याचं भोक काही गाड्यांत हँडलच्या टोपणाखाली लपवलेलं असतं. काही नव्या गाड्यांत भोकच नाही.

रिमोट आणि फोन एकाच खिशात, एकमेकांना चिकटून ठेवू नका. वायरलेस चार्जरजवळ ठेवलेला रिमोट गाडीला ऐकू येत नाही, कारण चार्जरचा गोंगाट त्याच्याच पट्टीतला असतो. तीच काळजी कार्डाची. फोनच्या कव्हरमध्ये कार्ड खोचून तो वायरलेस चार्जरवर ठेवण्याची कल्पना सोयीची वाटते, आणि त्यात कार्डाची चिप जळू शकते. धुण्यात गेलेल्या रिमोटाबद्दल काय सांगावं. नवा घेऊन गाडीला जोडायचा खर्च हजारांत जातो. मोटार विम्यात किल्लीसाठी वेगळं जोड-संरक्षण मिळतं, नूतनीकरणाच्या वेळी त्याचा हप्ता विचारून बघा.

जिथे दोन्ही हात टेकतात

विजेच्या गाडीत मोठी बॅटरी भरलेली असली तरी दारांची कुलपं, संगणक, स्टार्टचं बटण यांना वीज पुरवते ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी. ती बसली की गाडीत ८० टक्के चार्ज असूनही गाडी दगड होते. फोन घ्या, रिमोट घ्या, कार्ड टेकवा. ऐकायलाच कोणी नाही. महिनाभर गाडी उभी राहिली, बाहेरून बसवलेला डॅशकॅम रात्रंदिवस चालू राहिला, किंवा गाडी झोपूच शकली नाही, की हे होतं. गाडी न झोपण्याचं एक कारण आपणच असतो. बंगल्यात स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे गाडी उभी असेल, तर फोन हातात घेऊन घरात फिरणारा मालक गाडीला दर थोड्या वेळाने ‘आलो, आलो’ म्हणत राहतो. काही गाड्यांत घराजवळ आपोआप कुलूप लावणं-उघडणं बंद ठेवायची सोय असते, ती वापरा.

अशा वेळी कामी येतं ते धातूचं पातं, किंवा जिथे पातं नाही तिथे बाहेरून वीज देण्याची जागा. टेस्लाच्या मॉडेल वाय आणि ३मध्ये पुढच्या बंपरवर टो-हुकाचं गोल झाकण असतं. त्यामागच्या दोन वायरींना बाहेरून १२ व्होल्ट दिले की बॉनेट सुटतं. तुमच्या गाडीत काय आहे ते पुस्तिकेत एकदा वाचा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. नाही, फोटो नको. झेरॉक्स काढा. रस्त्यावरच्या मदतीचा नंबरही तिच्यावरच लिहा.

दुसरी अडचण निव्वळ विजेच्या गाडीची. आपल्याकडच्या गाड्यांत सीसीएस२ किंवा टाइप २ची चार्जिंग गन लावली की ती गाडीच्या बाजूने कुलूपबंद होते, म्हणजे कोणी येता-जाता उपटू नये. गाडी कुलूपबंद आणि किल्ली चालत नसेल तर गनही निघत नाही. मागे दोन गाड्या रांगेत, मालकांचे चेहरे बदलत चाललेले, आणि तुम्ही फोन चार्ज व्हायची वाट बघताय. आणीबाणीत गन सोडवायची दोरी अनेक गाड्यांत असते, पण ती डिकीच्या आत किंवा बॉनेटखाली, म्हणजे पुन्हा कुलुपाआड. म्हणून चार्जिंगला गाडी लावून चहाला जाताना खिशात कार्ड हवंच.

चोराच्या नजरेतून

वापरायला सोपा आहे म्हणून रिमोट चोरालाही सोपा आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मोटारींवर प्रयोग केला. घरातल्या रिमोटचा सिग्नल मध्ये यंत्रं ठेवून गाडीपर्यंत लांबवला. दहाच्या दहा उघडल्या आणि सुरूही झाल्या. २०१८मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाने टेस्ला मॉडेल एसच्या रिमोटची काही सेकंदांत नक्कल करून दाखवली. त्याच सुमाराला टेस्लाने ‘पिन टाकल्याशिवाय गाडी हलणार नाही’ अशी सोय दिली.

फोन यातून सुटला असं समजू नका. मे २०२२मध्ये ब्रिटनच्या एनसीसी ग्रुपने ब्लूटूथ-किल्लीचा सिग्नलही असाच लांबवून टेस्ला उघडून दाखवली. अल्ट्रा-वाइडबँडला हा डाव कळतो, कारण लांबून आणलेल्या सिग्नलला उशीर होतो आणि तो उशीरच मोजला जातो. आपल्या शहरांत या पद्धतीच्या चोरीपेक्षा काच फोडून बॅग नेणारे जास्त, पण गाडीत पिनची सोय असेल तर ती चालू करा. चार आकड्यांचा त्रास आहे, दुसऱ्या आठवड्यात सवय होते. रात्री रिमोट दारापासून लांब, घराच्या आतल्या बाजूला ठेवा.

फोनच चोरीला गेला तर? लोकलमध्ये खिसा कापणाऱ्याला तुमची गाडी कुठे आहे ते माहीत नसतं, असं वाटेल. पण ॲपच नकाशावर दाखवतं. म्हणून गाडीच्या ॲपला वेगळं कुलूप हवं. फोन गेला की आधी बँक आणि यूपीआय, लगेच दुसऱ्याच्या फोनवरून ‘फाइंड माय’ किंवा गुगलच्या सेवेतून फोन हरवल्याचं नोंदवणं, मग गाडीतल्या पडद्यावर जाऊन किल्ल्यांच्या यादीतून तो फोन काढणं, आणि सिम बंद करून नवं घेतल्यावर संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करणं. यादीतून काढायला गाडीत बसावं लागतं, गाडीत बसायला दुसरी किल्ली लागते. पुन्हा तोच प्रश्न.

घरच्यांना आणि परक्यांना

फोन-किल्लीचा एक फायदा रिमोट कधीच देऊ शकत नाही. मुलगी मुंबईहून रात्री आली आणि तुम्ही परगावी असलात, तरी तिला किल्ली तिथूनच पाठवता येते आणि सकाळी काढूनही घेता येते. बीएमडब्ल्यूसारख्या महाग गाड्यांतच नाही, एमजीच्या छोट्या कॉमेटमध्येही किल्ली वाटून द्यायची सोय आहे. पती-पत्नी दोघं चालवत असाल तर दुसऱ्याचा फोन पहिल्याच दिवशी जोडा, आणि तो दुसऱ्याच्या स्वतःच्या नंबरने, तुमच्या खात्याचा पासवर्ड देऊन नव्हे. चिपळूणला आमचं नेमकं हेच राहिलं होतं.

सत्तरीच्या वडिलांना मात्र फोन-किल्लीच्या भरीस पाडू नका. त्यांना रिमोट द्या, हातात धरता येतो, बटण दाबलं की आवाज होतो. हॉटेलच्या वॅलेला आणि सर्व्हिस सेंटरला कार्ड द्या. वॅले मोड असेल तर तो चालू करून द्या, आणि परत घेताना कार्ड मोजून घ्या. ड्रायव्हर बदलला की त्याची किल्ली त्याच दिवशी यादीतून काढा.

गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी मूळच्या सगळ्या किल्ल्या मागते. तेव्हा डिलिव्हरीच्या कागदावर किती कार्डं, किती रिमोट मिळाले ते लिहून सही घ्या. जुनी गाडी घेत असाल तर आधीच्या मालकाचं ॲपवरचं खातं तुटलं आहे आणि गाडीतल्या यादीत फक्त तुमच्याच किल्ल्या आहेत, हे पैसे देण्याआधी पडद्यावर बघा. नाही तर गाडी तुमची आणि तिचा ठावठिकाणा त्याच्या फोनवर.

माझा निकाल असा. गाडीत अल्ट्रा-वाइडबँड आणि तुमच्या फोनमध्येही ते असेल, तर रोज फोनच वापरा, रिमोटसाठी जादा पैसे घालू नका. नुसती ब्लूटूथ-किल्ली असेल आणि फोन मध्यम किमतीचा अँड्रॉइड असेल, तर रोजचा रिमोट आणि अडीअडचणीला फोन. ॲपमधलं नुसतं बटण असेल, तर उन्हाळ्यात एसी आधी चालू करायला ते उत्तम आहे, तेवढंच त्याचं काम. आणि कार्ड कोणत्याही परिस्थितीत अंगावर, पैशाच्या पाकिटात, फोनपासून वेगळं. दुसरं कार्ड घरी, शेजाऱ्यांना किंवा भावाला कुठे आहे ते सांगून.

आता एक करा. खाली पार्किंगमध्ये जा आणि डॅशबोर्डचा कप्पा उघडून बघा. शोरूममधून आलेलं ते पाकीट अजून तिथेच असेल, तर कार्ड घेऊनच वर या.